माळवदापासून उपकेंद्रापर्यंत

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाला नाव किल्लारीचं पडलं, पण उमरगा तालुक्यातही गावंच्या गावं बसली. सास्तूर तेव्हा याच तालुक्यात होतं. दगडमातीच्या भिंती, वर माळवदाचा भार. पहाटे झोपेतली माणसं त्याखालीच गेली.

नंतर घरदुरुस्तीचा कार्यक्रम आला. गावाशी बोलणार कोण? प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग संस्थेमार्फत हे काम महिला मंडळांतल्या बायकांकडे आलं. त्यांना ‘संवाद सहायक’ म्हणत. अनुदानाचा हप्ता कधी मिळतो, भिंतीचे कोपरे कसे बांधायचे, हे त्या घरोघर सांगू लागल्या. आता इंजिनिअरला प्रश्न विचारायची सवय लागली, की उपकेंद्रात नर्सबाई का येत नाहीत हेही विचारता येतं! बचत गटाच्या बैठकीत कर्जाच्या हिशेबामागोमाग अंगावरून जाणं, बाळंतपण, अंगात रक्त नसणं असे विषय निघू शकतात, जे घरात सासूपुढे निघत नाहीत. पुनर्वसनाच्या चर्चेत घरं मोजतात, हे कुणी मोजत नाही, अशी आमची तक्रार आहे.

२००१ मध्ये कच्छ हादरलं. तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका तिकडच्या बायकांना भेटायला गेल्या. घर पडल्यावर काय करायचं, हे त्यांना ठाऊक होतं.