हाटकेशच्या बाल्कनीत सेलरी : थंडी थोडी, पाणी फार

मीरा रोड, प्रतिनिधी

चायनीज पदार्थ आता मराठी स्वयंपाकघरात पुरते रुळले आहेत. मंचाव सूप, हक्का नूडल्स आणि शेजवान चटणी घरोघरी होऊ लागली आणि त्यांच्यासोबत सेलरीही आली. अडचण अशी, की पाककृतीला दोन दांडे पुरतात आणि बाजारात मात्र आख्खी जुडी घ्यावी लागते. उरलेली जुडी फ्रिजमध्ये मलूल होते आणि आठवडाभरात कचऱ्यात जाते. मीरा रोड पूर्वेच्या हाटकेशसारख्या वसाहतीत, जेथे बाग म्हणजे बाल्कनीचा कठडा किंवा सोसायटीच्या गच्चीचा कोपरा, तेथे ही भाजी घरी लावण्याचे खरे कारण हेच आहे. हवे तेव्हा दोन दांडे तोडावेत, झाड तसेच उभे राहावे.

मात्र बियाण्याच्या पाकिटावरील चित्र पाहून कामाला लागणाऱ्यांची निराशा ठरलेली आहे. चित्रातील जाड, फिकट, रसरशीत दांड्यांची जुडी ही थंड हवेची देणगी होय. सेलरीला दिवसा पंधरा ते एकवीस अंश सेल्सियसच्या आसपासचे तापमान मानवते. मुंबई परिसरात जानेवारीतही दुपारचा पारा तिशीच्या घरात असतो. अशा हवेत दांडे बारीक, धागेदार आणि किंचित कडवट होतात. म्हणूनच येथे ‘यूटा’सारख्या जाड दांड्याच्या वाणांचा हट्ट न धरता पानांची सेलरी, म्हणजे ‘लीफ सेलरी’ किंवा ‘चायनीज सेलरी’ म्हणून मिळणारे वाण निवडावे. त्याचे दांडे कोथिंबिरीपेक्षा थोडे जाड असतात, वास अधिक उग्र असतो आणि सूप व चटणीसाठी तोच उपयोगी पडतो. पुणे, नाशिक आणि सातारा जिल्ह्यांतील शेतकरी जी मोठी सेलरी पिकवतात, ती तेथील रात्रीच्या गारव्यावर. त्यांच्याशी बाल्कनीने स्पर्धा करू नये.

सेलरी ही कोथिंबीर, ओवा, बडीशेप आणि गाजर यांच्या कुळातील वनस्पती. शास्त्रीय नाव एपियम ग्रॅव्हिओलेन्स. आयुर्वेदातील अजमोदा म्हणजे हीच, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. परंतु वाण्याकडे अजमोदा या नावाने मिळणारे दाणे पुष्कळदा ओव्याच्या जवळच्या दुसऱ्याच वनस्पतीचे असतात. ते पेरून सेलरीची वाट पाहण्यात अर्थ नाही. भारतात सेलरी मोठ्या प्रमाणावर होते ती पंजाबात, अमृतसरच्या परिसरात, आणि तीही भाजीसाठी नव्हे, तर मसाल्याच्या बियांसाठी. घरच्या कुंडीसाठी बी घ्यावे ते रोपवाटिकेतून, भाजीचे वाण म्हणून.

खरी परीक्षा पेरणीची. बी अत्यंत बारीक असते. एका ग्रॅममध्ये दोन हजारांहून अधिक दाणे भरतात. उगवायला त्याला उजेड लागतो, त्यामुळे मातीत खोल गाडलेले बी वर येत नाही. शिवाय उकाड्यात ते झोपून राहते. पाकीट खराब निघाले म्हणून दुकानदाराशी वाद घालणाऱ्या कित्येकांची चूक येथेच असते. यावर सोपा उपाय आहे. गणपती विसर्जनानंतर, सप्टेंबरच्या उत्तरार्धात, बी रात्रभर पाण्यात भिजवावे, ओल्या टिश्यू कागदात गुंडाळून डब्यात घालावे आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आठवडाभर ठेवावे. नंतर पसरट ट्रेमध्ये चाळलेले गांडूळखत आणि कोकोपीट भरून त्यावर बी नुसते भुरभुरावे आणि हलकेच दाबावे. वर माती टाकू नये. पाणी झारीने न घालता फवाऱ्याने द्यावे, अन्यथा सारे बी एका कोपऱ्यात वाहून जाते. ट्रे घरातील सर्वांत गार, पण उजेडाच्या जागी ठेवावा. अंकुर दिसायला दोन ते तीन आठवडे लागतात. तोवर वरचा थर एकदाही वाळता कामा नये.

ऑक्टोबरच्या उन्हात रोपांवर हिरवी जाळी किंवा जुनी ओढणी बांधावी. चार-पाच पाने आली की नोव्हेंबरअखेरीस पुनर्लागण करावी. मुळे उथळ असल्याने दहा-बारा इंच खोलीची कुंडी पुरते. मोठ्या ट्रेमध्ये दोन रोपांत वीतभर अंतर ठेवावे. माती, कुजलेले शेणखत आणि कोकोपीट समप्रमाणात घेऊन मूठभर नीमपेंड मिसळावी. सकाळचे चार-पाच तास ऊन मिळणारी पूर्वेकडील बाल्कनी उत्तम; पश्चिमेचे दुपारचे ऊन टाळावे.

पाण्याचा प्रश्न मात्र सगळ्यांत अवघड. सेलरीची रानटी पूर्वज युरोपातील समुद्रकाठच्या दलदलीत वाढते. त्यामुळे हे झाड तहान सोसत नाही. एक दिवस कोरडा गेला तरी दांडे पोकळ होऊ लागतात. पाणी कधी फार, कधी मुळीच नाही असे झाले, तर कॅल्शियम कोवळ्या पानांपर्यंत पोहोचत नाही आणि गाभा काळा पडून कुजतो. मीरा-भाईंदरला पाणीटंचाई नवी नाही. येथे बोअरवेलच्या पाण्याचा मोह होतो. परंतु खाडी आणि मिठागरांच्या या पट्ट्यात ते पाणी अनेकदा क्षारयुक्त असते. पूर्वज खाऱ्या दलदलीतला असला, तरी बागेतील सेलरीला खारटपणा फारसा सोसत नाही. पाणी शुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यातही क्षार एकवटलेले असतात, तेही घालू नये. तांदूळ आणि डाळ धुतलेले पाणी हा उत्तम पर्याय होय. कुंडीवर वाळक्या पानांचे आच्छादन घातल्यास ओल टिकते. कुंडीखाली बशी हवीच; खालच्या मजल्यावरील वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकणारे पाणी किती भांडणांना कारण ठरते, हे सोसायटीत राहणाऱ्यांना सांगायला नको.

दर पंधरा दिवसांनी नीमपेंडीचे भिजवलेले पाणी द्यावे. मावा दिसल्यास लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर नीमतेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारावे. एरवी संध्याकाळी पाने भिजवू नयेत, त्यावर ठिपक्यांचा रोग पडतो.

तोडणीच्या तीन आठवडे आधी दांड्यांभोवती वर्तमानपत्राचा कागद सैलसर गुंडाळला, तर कडवटपणा कमी होतो. शिळ्या अंकाचा हा बरा उपयोग. संक्रांतीनंतर पहिले दांडे तोडता येतात. नेहमी बाहेरचे तोडावेत, गाभा ठेवावा. होळीपर्यंत झाड देत राहते. सेलरीचा रस त्वचेला लागून वर ऊन लागल्यास काहींना पुरळ येते, तेव्हा तोडणीनंतर हात धुवावेत. काही व्यक्तींना सेलरीची तीव्र ॲलर्जी असते, हेही पाहुण्यांना वाढताना लक्षात असावे.

बाजारातील जुडीचा बुंधा पाण्यात ठेवून नवी पाने आणण्याची युक्ती खरी आहे, पण त्यातून मिळतात ती चार पाने, जुडी नव्हे. घरचे बी धरण्याचाही विचार सोडावा. फुलोऱ्यासाठी लागणारा दीर्घ गारठा येथे पडत नाही. उरलेले बी कोरड्या बाटलीत घट्ट झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवावे. पुढच्या भाद्रपदात ते पुन्हा कामी येते.