विंचू, घोडा आणि रक्तातील प्रतिद्रव्ये

पेण-रोह्याच्या श्रोत्यांस विंचवाची ओळख करून द्यावयास नको. पेंढा उपसताना लाल विंचू चावला की मांत्रिकाकडे धाव घ्यावयाची, आणि तोवर घामाने निथळणारे पोर दगावावयाचे, हे आपल्या जिल्ह्याने पुष्कळ पाहिले आहे. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीस आले. हा मृत्यू हृदयावरील आघाताने येतो हे त्यांनी दाखविले आणि पुढे प्राझोसिनचा उपचार रूढ केला.

परंतु विष मारावे कसे? १८९० साली बेरिंग व कितासातो यांनी विषावरचा उतारा प्राण्याच्या रक्तात सापडतो हे सिद्ध केले. तो कोणती पेशी करते, हे मात्र १९४८ साली आस्ट्रिड फाग्रेउस या स्वीडिश विदुषीने दाखविले. विष पाहून पेशी माप घेते, शिंप्यासारखी, असा पूर्वी समज होता. १९५७ साली बर्नेट म्हणाले, नव्हे. अंगरखे आधीच शिवलेले असतात! लाखो पेशींपैकी जिचे प्रतिद्रव्य विषाशी जुळते तीच वाढते, आणि तिची संतती सेकंदाला सुमारे दोन हजार रेणू रक्तात ओतते.

घोड्यास विषाच्या चढत्या मात्रा देऊन हेच घडवितात. अशी लस प्राझोसिनसह दिल्यास रोगी लवकर सावरतो, असे बावस्करांनी २०११ साली महाडच्या रोग्यांवरून प्रसिद्ध केले. मात्र प्रतिद्रव्य रक्तात मोकळे असलेले विषच पकडते. म्हणून मांत्रिकाच्या दारी गेलेला तास परत मिळत नाही. शिवाय ही प्रतिद्रव्ये घोड्याची, उसनी. पुढच्या वेळी विंचू चावला तर पुन्हा दवाखानाच गाठावा लागतो.