पाटी नसलेल्या खाणावळी

२०१४ च्या मार्चअखेरीस मुंबईत ग्रँट रोड स्थानकासमोर रांगा लागल्या होत्या. १९१४ पासून चालत आलेले ‘बी. मेरवान’ हे इराणी हॉटेल कायमचे बंद होणार अशी वार्ता पसरली होती आणि शेवटचा मावा केक मिळावा म्हणून माणसे उपनगरांतून आली होती. वृत्तपत्रांनी मृत्युलेखही लिहून टाकले. पुढे दुरुस्ती होऊन हॉटेल पुन्हा उघडले, ही गोष्ट वेगळी. शहराला आपल्या जेवणाच्या जागांचा लळा किती असतो, हे मात्र त्या रांगांनी दाखवले.

असा शोक मुंबईने अनेकदा केला आहे. धोबीतलावचे ‘बस्तानी’ गेले. तिथल्या सूचनांच्या पाटीवरून निस्सीम इझिकेल यांनी इंग्रजीत कविता केली होती. मलबार हिलवरचे ‘नाझ’ गेले. गिरगावात खोताच्या वाडीतले ‘अनंताश्रम’ बंद झाले, तेव्हा तिथल्या माशांची आणि वाढणाऱ्यांच्या तुटकपणाची आठवण सारख्याच प्रेमाने काढली गेली. या सर्व जागांना नाव होते, दारावर पाटी होती आणि पत्ता होता.

याच शहरात, तिथून तीन-चार मैलांवर, याहून कितीतरी अधिक माणसांना रोज दोन वेळ जेवू घालणाऱ्या खाणावळी १९८२ नंतरच्या काही वर्षांत एकामागून एक विझल्या. त्यांच्यासाठी रांगा लागल्या नाहीत. त्या गिरणगावच्या खाणावळींचा हा इतिहास.

कावसजी दावर यांच्या पहिल्या कापड गिरणीने १८५६ मध्ये ताडदेवला उत्पादन सुरू केले. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, डिलाईल रोड, वरळी, नायगाव, शिवडी या पट्ट्यात गिरण्यांची धुराडी उभी राहिली. त्यांत राबायला माणसे आली ती मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यातून (आजच्या सिंधुदुर्गाचा बराचसा भागही तेव्हा त्यातच होता) आणि सातारा, कोल्हापूर, पुणे अशा घाटावरच्या जिल्ह्यांतून. आले ते पुरुष. बायको, मुले आणि म्हातारे आईबाप गावाकडच्या जमिनीच्या तुकड्यापाशी राहिले. मुंबईच्या मजुरीत सगळे बिऱ्हाड मुंबईत ठेवणे बहुतेकांना परवडणारे नव्हते आणि गिरणीतली नोकरी उद्या राहील याची खात्रीही नव्हती. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया निम्म्याहून थोड्याच अधिक होत्या. ज्या शहरात जवळजवळ निम्म्या पुरुषांना घरची चूल नाही, तिथे दुसऱ्या कुणाच्या तरी चुलीवर त्यांचा भात शिजावा लागतो.

हे पुरुष राहत कसे, ते पाहिल्याशिवाय खाणावळ समजत नाही. एका गावचे किंवा एका वाडीचे लोक मिळून चाळीत एक खोली घेत. दहा-पंधरा, कधी वीस-पंचवीस जणांच्या ट्रंका भिंतीला लागलेल्या आणि वळकट्या माळ्यावर टाकलेल्या. पहिल्या पाळीचे लोक भोंग्याला उठून गेले की रात्रपाळीचे येऊन त्याच जागेवर पाठ टेकत. १९२० च्या दशकात सरकारने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बीडीडीच्या २०७ चाळी बांधल्या. त्यांतही एकेका कुटुंबासाठी असलेली एकेक खोली अशीच वापरली गेली. तिथे चूल पेटवायला ना जागा होती, ना वेळ.

म्हणून त्याच मजल्यावर किंवा शेजारच्या चाळीत एखादी बाई आपल्या खोलीत स्वयंपाक करी आणि दहा-वीस पुरुष तिच्याकडे महिन्याने जेवत. खाणावळ म्हणजे एवढेच. टेबल नाही, गल्ला नाही, दरपत्रक नाही. जेवणारे जमिनीवर ओळीने बसत. एक पंगत उठली की दुसरी बसे. काहींचा डबा गिरणीच्या दरवाज्यापर्यंत पोहोचवला जाई. कोकणातल्या माणसाला भात आणि सुक्या मासळीचे कालवण लागे, घाटावरच्याला भाकरी. त्यामुळे माणूस कोणत्या गावचा, यावरून तो कुणाकडे जेवतो याचा अंदाज बांधता येई. चालवणारीला कुणी मालकीण म्हणत नसे. ती मावशी असे, नाहीतर काकी, वहिनी, आक्का. आडनावही सर्वांना ठाऊक असेच असे नाही.

या घरगुतीपणाला दुसरी बाजू होती आणि गतकाळाच्या ओढीत ती नेमकी गाळली जाते. गावाबरोबर गावची जातही मुंबईला आली होती. एका पंक्तीला कोण बसणार, हे खाणावळीतही गावच्याच हिशोबाने ठरे. गिरणीतसुद्धा धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, या सबबीवर अस्पृश्य मानलेल्या कामगारांना कापडखात्यात, म्हणजे अधिक मजुरीच्या विणकामात, घेतले जात नसे. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. दलित कामगारांच्या खाणावळी त्यांच्या वस्तीत, त्यांच्याच बायका चालवत. कोपऱ्यावरच्या इराण्याकडे मात्र एक आण्याच्या चहासाठी जात विचारली जात नसे. इराणी हॉटेलांविषयी जो जिव्हाळा दाटून येतो, त्यामागे ब्रुन-मस्क्याइतकेच हेही कारण असावे.

खाणावळ चालवणाऱ्या बायका कोण होत्या? कुणी विधवा, कुणी नवऱ्याने टाकलेली, कुणाचा नवरा गिरणीत बदली कामगार, म्हणजे महिन्यातले काही दिवस कामावर आणि काही दिवस दारात. काही जणी स्वतःच गिरणीत काम केलेल्या. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांत सुमारे एक-पंचमांश स्त्रिया होत्या. स्त्रियांच्या रात्रपाळीवर बंदी होती; पुढे १९२९ च्या कायद्याने बाळंतपणाचा भत्ता मालकांवर पडला, नवी यंत्रे आली. स्त्रियांच्या हिताचे म्हणून केलेले कायदे त्यांना कामावरून दूर करण्याचे निमित्त ठरले आणि त्यांची संख्या दर दशकाला घटत गेली. गिरणीच्या दाराबाहेर पडलेल्या बाईला जे काम येत होते आणि ज्याला भांडवल म्हणून चार भांडी पुरत होती, ते हेच होते.

चार भांडी पुरत होती असे म्हणणेही तितकेसे खरे नाही, कारण खाणावळीचे खरे भांडवल उधारी होते. गिरणीचा पगार महिना संपल्यावर हाती येई. माणूस महिनाभर जेवे आणि पगाराला पैसे देई. तोपर्यंतचे तांदूळ, पीठ, तेल, रॉकेल बाईने कोठून आणायचे? वाण्याकडून उधार, आणि वाण्याने हात आखडला की सावकाराकडून जबर व्याजाने. गळ्यातले आणि हातातले गहाण पडे. एखादा जेवणारा पैसे न देताच गावी निघून गेला, की त्या महिन्याचे तिचे सारे कष्ट फुकट. पहाटेपासून रात्रपाळीच्या डब्यांपर्यंत तिचा दिवस चाले, पण शहराच्या कोणत्याही हिशोबात ती ‘कामगार’ नव्हती. तिला पाळी नव्हती, सुटी नव्हती, बोनस नव्हता. बँकेच्या दृष्टीने ती अस्तित्वातच नव्हती.

आणि तरीही मुंबईच्या कामगार चळवळीचा बराच भार या उधारीने उचलला. १९२८ चा सर्वसाधारण संप सहा महिने चालला. एवढा काळ मजुरीविना टिकायचे तर दोनच मार्ग होते: गावी जाऊन शेतीत हात लावायचा, किंवा शहरात राहून कुणीतरी उधार जेवू घालायचे. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची भाषणे, मालकांचे डाव आणि पोलिसांचा गोळीबार तपशिलाने येतो. संपकऱ्याच्या ताटात भात कुणी वाढला, हे तिथे क्वचितच सापडते.

ही गोष्ट ठळकपणे ज्यांच्या ध्यानात आली त्या प्रेमा पुरव. गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या या कार्यकर्त्या मुंबईत कम्युनिस्ट चळवळीत, गिरणी कामगारांत वावरत होत्या. १९७४ चा गिरणी संप ४२ दिवस चालला. तो काळ दुष्काळानंतरच्या भडकलेल्या महागाईचा. याच सुमारास मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. संपाच्या काळात खाणावळवाल्या बायकांनी जेवणाऱ्यांना उपाशी ठेवले नाही. संप मिटला, कामगार कामावर गेले, आणि बायका कर्जात राहिल्या. त्यांच्या नुकसानीची मागणी कोणत्याही युनियनच्या मागणीपत्रात असण्याचे कारण नव्हते, कारण त्या कोणत्याच युनियनच्या सभासद नव्हत्या.

१९७५ मध्ये पुरव यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभे केले. बँकांचे राष्ट्रीयीकरण १९६९ मध्ये झाले होते आणि गरिबांना कर्ज देणे हे बँकांचे कर्तव्य असल्याचे सरकार सांगत होते. मग खाणावळवालीला का नाही, असा साधा प्रश्न मंडळाने विचारला. तारण ठेवायला काही नसलेल्या बायकांनी गट करून एकमेकींची हमी घेतली आणि बँकेचे कर्ज मिळवले. सावकाराचा फास त्याने सैल झाला. ‘लघुवित्त’ हा शब्द मराठीत रुळण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. पुरव यांना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली.

परंतु बँकेचे कर्ज सावकारापासून सोडवू शकते. जेवणारेच नाहीसे झाले तर त्याचा काय उपयोग? १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. खाणावळींनी नेहमीप्रमाणे उधार वाढले. पहिला महिना गेला, दुसरा गेला. पूर्वीच्या संपांच्या अनुभवाने सर्वांची समजूत होती की काही महिन्यांत तडजोड होईल आणि थकलेले पैसे पगाराबरोबर येतील. पावसाळा आला तसे एकटे राहणारे पुरुष गावाकडे निघाले, कारण जगण्याचा तो एकच मार्ग उरला होता. गेलेल्यांपैकी अनेक जण परत आलेच नाहीत. संप रीतसर मागे घेतला गेला नाही. तो नुसता विरत गेला. काही गिरण्या बंद पडल्या, काही थोड्या माणसांवर सुरू झाल्या.

खाणावळीच्या दृष्टीने पाहिले तर या आकड्यांचा अर्थ फार साधा होतो. ज्या बाईकडे वीस पुरुष जेवत होते, तिच्याकडे चार उरले. सोळा जणांची उधारी वहीत राहिली. ज्यांच्या जिवावर ती वही फिटायची ती माणसे सातारा, मालवण, चिपळूणकडच्या वाड्यांत स्वतःच उपासमारीशी झगडत होती. त्यांना बुडवे म्हणणे अन्यायाचे होईल. आधीच्या प्रत्येक संपात या बायकांनी ज्या उधारीने कामगाराला तारले होते, त्याच उधारीने या वेळी त्यांची चूल विझवली. चाळीतल्या खोलीत विझलेली चूल बाहेरून कुणाला दिसत नाही. तिथे कुलूप लागत नाही, ‘आजपासून बंद’ असा कागद चिकटत नाही. बाई त्याच खोलीत राहते, फक्त पंगत बसत नाही.

काही जणी टिकल्या. कुणी कार्यालयांना डबे देऊ लागल्या, कुणी पोळीभाजी केंद्रे काढली, कुणी घरकामाला गेल्या. १९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे काढली, तीही पुढे बंद पडली. सरकारी अनुदानावर स्वस्त जेवण देणे किती कठीण असते, हे त्यातून दिसले. गिरणगावच्या बायकांनी ते अनुदानाशिवाय शंभर वर्षे दिले होते.

दरम्यान गिरण्यांच्या जमिनींचे नियम १९९१ मध्ये आणि पुन्हा २००१ मध्ये बदलले. फिनिक्स गिरणीच्या जागी मॉल आला. कमला मिलच्या आवारात कार्यालये आणि महागडी उपाहारगृहे थाटली गेली. ज्या परिसरात कामगार पंगतीला बसत होता, तिथे आता एका वेळच्या जेवणाला त्याच्या कधीकाळच्या महिन्याच्या पगाराहून अधिक बिल होते. (रुपयाची किंमत घसरली हे खरे; तरी त्याच्या नातवालाही ते परवडणारे नाही.) त्यांतल्या काहींच्या भिंतींवर जुन्या गिरणीची छायाचित्रे सजावट म्हणून लावलेली असतात. धुराडे असते, यंत्रे असतात, क्वचित कामगारही असतो.

खाणावळीचे छायाचित्र सहसा नसते, कारण ते काढायला त्या खोलीत कुणी गेलेच नव्हते. इराण्याकडे कवी, पत्रकार, विद्यार्थी बसत. ते लिहू शकत होते, म्हणून संगमरवरी टेबल आणि वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या साहित्यात आल्या. खाणावळीत जेवणारा महिन्यातून एकदा गावी पत्र पाठवी, तेही पुष्कळदा दुसऱ्याकडून लिहवून. त्यात मनिऑर्डरीचा, पावसाचा, गुरांचा उल्लेख असे. जेवण कसे आहे हे लिहायचेच झाले तर ‘जेवणाची सोय चांगली आहे, काळजी नसावी’ एवढे एक वाक्य असे.

आता बीडीडी चाळींच्या जागी उंच इमारती उठत आहेत आणि वरळीत पहिल्या रहिवाशांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या आहेत. पात्रतेसाठी जुन्या भाडेपावत्या शोधल्या गेल्या, नावे जुळवली गेली. भाडेपावतीवर खोलीचा क्रमांक असतो आणि भाडेकरूचे नाव असते. त्या खोलीत रोज किती ताटे वाढली जात, यासाठी तिच्यावर रकाना नसतो.