स्कॅनमध्ये गाठ नाही, तरी मानेचं ऑपरेशन कशासाठी?
नागपुरात तोंडाचा कॅन्सर म्हटलं की आधी खर्रा आठवतो. हा कॅन्सर पसरतो तो बहुतेकदा आधी मानेतल्या लसिका ग्रंथींमध्ये. सीटी स्कॅन किंवा एमआरआयमध्ये डॉक्टर पाहतात, ग्रंथी साधारण १ सेंटिमीटरहून मोठी आहे का, राजम्याच्या दाण्यासारखी लांबट न राहता गोल झालीय का, आतल्या पेशी मेल्यात का. अर्थात, साध्या जंतुसंसर्गानेही ग्रंथी सुजते. म्हणून शंका आली तर सोनोग्राफीत बघत सुईने पेशी काढून तपासतात.

पण कॅन्सरच्या मोजक्या पेशी कुठल्याच स्कॅनला दिसत नाहीत. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलचा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे महत्त्वाचा. सुरुवातीचा कॅन्सर, मानेत गाठ नाही, अशा रुग्णांच्या ग्रंथी तोंडाच्या ऑपरेशनसोबतच काढल्या, तेव्हा ३ वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांमध्ये ६७.५ टक्के.