पहारेकऱ्याचा निःशब्द पाडाव (भूमिकाभिनय खेळ)

पहारेकऱ्याचा निःशब्द पाडाव म्हणजे टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाभिनय खेळांत एखाद्या पात्राने लपतछपत जाऊन, गलबला होऊ न देता पहारेकऱ्याला ठार, बेशुद्ध वा जेरबंद करणे होय. कथाकादंबऱ्यांत हा प्रसंग दोन ओळींत उरकतो. खेळात मात्र त्याचा निवाडा करणे अवघड जाते. पहारेकरी हा लढाईतील प्रतिस्पर्धी मानावा की धोक्याची सूचना देणारी व्यवस्था मानावी, या प्रश्नाच्या उत्तरावर हा निवाडा अवलंबून असतो.

स्वरूप

रोल-प्लेइंग गेम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खेळांत एक जण सूत्रधार असतो. तो स्थळाचे वर्णन करतो व गौण पात्रे चालवतो. इतर खेळाडू प्रत्येकी एका पात्राची भूमिका वठवतात. ज्या कृतीचे फळ अनिश्चित असेल तिचा निर्णय बहुधा फासे टाकून होतो. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा १९७४ साली प्रसिद्ध झालेला डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा या प्रकारातील पहिला प्रकाशित खेळ मानला जातो. किल्ला, खजिना किंवा तुरुंग यांत शिरायचे म्हटले की वाटेत पहारा येतोच. पहारेकऱ्याचे खरे बळ त्याच्या भाल्यापेक्षा त्याच्या आवाजात असते.

नियमांतील अडचण

बहुतेक खेळांत पात्राची तग धरण्याची क्षमता हिट पॉइंट या अंकाने दाखवतात. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत सामान्य पहारेकऱ्याचे हिट पॉइंट ११ आहेत. पहिल्या पातळीवरील चपळ चोराने बेसावध पहारेकऱ्यावर कट्यारीचा वार केला, तर इजा चार बाजूंचा फासा, सहा बाजूंचा फासा आणि चपळाईचे ३ यांच्या बेरजेइतकी होते. ही बेरीज ५ ते १३ यांच्या दरम्यान येते व सरासरी ९ भरते. दोन फाशांच्या २४ जुळण्यांपैकी केवळ ६ जुळण्यांत ती ११ किंवा अधिक होते. म्हणजे वार नेमका लागला तरी पहारेकरी चार वेळांपैकी तीन वेळा उभाच राहतो आणि ओरडतो.

यावर ‘मागून केलेला वार प्राणघातक’ असा सरसकट नियम केला, तर तोच नियम राजाला आणि राक्षसालाही लागू होतो. उद्या झोपलेल्या नायकाच्या गळ्यावरही त्याच नियमाने सुरी फिरू शकते.

दुसरी अडचण गणिताची आहे. चार जणांच्या टोळीत प्रत्येकाची लपून जाण्याची शक्यता ७० टक्के असली, तरी चौघेही न चुकता पार पडण्याची शक्यता सुमारे २४ टक्केच उरते. निम्मे यशस्वी झाले की टोळी यशस्वी, असा सामूहिक चाचणीचा नियम लावला तर हीच शक्यता सुमारे ९२ टक्के होते.

नियमपद्धतींचा विकास

१९७५ च्या ग्रेहॉक या पुरवणीत चोर हा पात्रवर्ग आला व मागून केलेल्या वाराला जादा इजा मिळू लागली. त्याच वर्षीच्या ब्लॅकमूर पुरवणीत मारेकरी हा वर्ग आला. १९७९ च्या सूत्रधार-ग्रंथात मारेकऱ्याच्या यशाची टक्केवारी देणारे कोष्टक होते. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत असहाय शत्रूवर अंतिम घाव घालण्याचा नियम होता. मात्र जागा असलेला पण बेसावध पहारेकरी असहाय ठरत नसे.

निराळा मार्ग १९९६ च्या फेंग श्वे या खेळाने घेतला. त्यात बिननावाच्या पात्रांचे हिट पॉइंट मोजलेच जात नाहीत. २००८ च्या चौथ्या डन्जन्स अँड ड्रॅगन्समधील ‘मिनियन’ पात्रांना एकच हिट पॉइंट असतो. जॉन हार्पर यांच्या ब्लेड्स इन द डार्क या खेळात सूत्रधार आधी कृतीतील धोका व तिचा संभाव्य परिणाम सांगतो. वाढत जाणारा संशय तो घड्याळासारख्या वर्तुळाचे भाग भरून दाखवतो.

सूत्रधाराची कार्यपद्धती

या प्रसंगाची हाताळणी सामान्यतः पुढील क्रमाने करता येते.

१. पहारेकरी बिननावाचा आहे की कथेत स्थान असलेला, हे ठरवणे. पहिल्यासाठी एकच चाचणी पुरते. दुसऱ्यासाठी लढाईचे नियम लावणे न्याय्य ठरते.

२. फासा टाकण्यापूर्वी पणाला काय लागले आहे ते उघड सांगणे. यश म्हणजे काय आणि अपयश म्हणजे काय, हे खेळाडूंना ठाऊक असावे.

३. जवळ जाणे, वार करणे व देह लपवणे यांसाठी वेगवेगळे फासे न टाकणे. प्रत्येक जादा फासा अपयशाची शक्यता वाढवतो.

४. अपयश टप्प्याटप्प्याने येऊ देणे: आधी शंका, मग शोध, शेवटी इशारा. कंदील खाली पडला किंवा कुत्रे भुंकले, तरी नायकांना सावरण्यास क्षणभर अवधी मिळतो.

५. पुढील परिणाम लक्षात ठेवणे. पहाऱ्याची पाळी बदलते, गस्त फिरते आणि रिकामी जागा कोणाच्या तरी नजरेस येते.

मराठी इतिहासातील समांतर प्रसंग

महाराष्ट्रातील किल्ल्यांच्या इतिहासात या प्रसंगाची अनेक रूपे आढळतात. ४ फेब्रुवारी १६७० रोजी तानाजी मालुसरे यांच्या मावळ्यांनी रात्री कडा चढून सिंहगडात प्रवेश केला. पुढे उदयभानाच्या शिबंदीशी घनघोर लढाई होऊन गड मिळाला, पण तानाजी पडले. खेळाच्या भाषेत हे अंशतः यश होय: प्रवेश साधला, गुप्तता टिकली नाही. ६ मार्च १६७३ रोजी कोंडाजी फर्जंद यांनी अवघ्या ६० माणसांनिशी पन्हाळा घेतला.

अंजनगाव सुर्जीच्या उत्तरेस मेळघाटात, चिखलदऱ्याजवळ असलेल्या गाविलगडाचा प्रसंग याहून वेगळा आहे. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली यांच्या इंग्रज फौजेने तोफांनी बाहेरचा तट फोडला, तरी आतल्या कोटाने तिला अडवले. तेव्हा कॅप्टन कॅम्बेल यांची तुकडी शिड्यांनी तट चढली व तिने आतून दरवाजा उघडला. त्यानंतर ३० डिसेंबरला दौलतराव शिंदे व इंग्रज यांच्यात सुर्जी-अंजनगावचा तह झाला. हा हल्ला उघड होता. परंतु पहारेकरी मारणे हे साधन असून दरवाजा उघडणे हे साध्य असते, ही गोष्ट त्यावरून स्पष्ट होते. दोराने किंवा चोरवाटेने पहारा टाळून आत जाता येत असेल, तर पाडावाची गरजच उरत नाही.

आक्षेप

पहारेकऱ्याचा मृत्यू एका फाशावर सोपवल्याने माणसाचा जीव स्वस्त होतो, असा आक्षेप घेतला जातो. पहारेकरी हाही पोटासाठी रात्र जागवणारा चाकर असतो. गावोगावच्या जागल्याहून तो निराळा नसतो. म्हणून त्याला बांधून ठेवणे, फितवणे किंवा चकवणे हे पर्याय मारण्याइतकेच परिणामकारक ठेवावेत, असे या मताचे लोक सुचवतात. पाचव्या आवृत्तीत जवळून केलेल्या शेवटच्या वाराने शत्रूला ठार न करता बेशुद्ध करण्याची मुभा आहे. ती घेतली, तर शुद्धीवर आल्यावर तो काय सांगेल, ही नवी चिंता खेळाडूंपुढे उभी राहते आणि कथा पुढे सरकते.