कुरणशाळा

कुरणशाळा : गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांना चराईच्या जागीच शिकवण्याचा, ताराबाई मोडक (१८९२–१९७३) व अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांचा कोसबाड (ता. डहाणू, पूर्वी ठाणे, आता पालघर जिल्हा) येथील प्रयोग. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे काम केलेल्या ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि अनुताई तेथे त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांजवळ आले. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी हे तेथील मुख्य काम होते. कुरणशाळा ही तिची लहानशी शाखा, पण विचाराच्या दृष्टीने अधिक धीट.

मूल शाळेत येत नाही याचे खापर त्या काळी सहसा पालकांच्या अनास्थेवर फुटे. कोसबाडच्या कामाने हा दोष शाळेच्या जागेकडे आणि वेळापत्रकाकडे वळवला. बोर्डीला मध्यवर्ती बालवाडीत दलित वस्तीतील मुले येईनात, तेव्हा वर्गच त्यांच्या अंगणात नेण्यात आला होता. अंगणवाडीची सुरुवात ती. थोरल्या बहिणीच्या कडेवर तान्हे भावंड असते, म्हणून शाळेला पाळणाघर जोडले गेले. गुराख्याला जनावरे सोडून येता येत नाही, म्हणून शिक्षक कुरणात गेला. तिन्ही ठिकाणी तर्क एकच आहे : वंचित मुलाच्या दिवसाची जी घडण आहे तीत शाळेने शिरायचे. खेळाचे स्थानही यातूनच ठरले. खडे, बिया, पाने, शिंपले हे मोजण्याचे साहित्य होते आणि खेळण्याचेही. गाणी, गोष्टी व निसर्गनिरीक्षण यांना अभ्यासाइतकाच मान होता. ज्याच्यावर मोठ्यांची जबाबदारी लवकर येऊन पडली आहे, त्याच्या वाट्याला फक्त पाटी-पेन्सिल आली असती तर शाळा म्हणजे आणखी एक काम झाले असते. गरिबाच्या मुलाला आधी अक्षर, खेळ मग सवडीने, ही समजूत सुखवस्तू घरात आपल्या मुलांना कोणी लावत नाही, हे नोंदवण्याजोगे आहे.

या प्रयोगावर दोन आक्षेप घेता येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला, मुलाच्या कामाशी जुळवून घेणारी शाळा त्या कामाला मूक संमती देते. दुसरा, सोयीची शाळा हळूहळू दुय्यम शाळा होते. १९७९-८० पासून देशभर राबवलेल्या अनौपचारिक शिक्षणाच्या कार्यक्रमावर ही टीका झाली आणि ती रास्त होती. पण त्या कार्यक्रमात मुख्यतः वेळ व अपेक्षा कमी केल्या गेल्या. कोसबाडला जागा बदलली, शिक्षणाची पातळी खाली आणण्याचा हेतू नव्हता. पहिल्या आक्षेपाचे उत्तर इतके सरळ नाही. कुरणशाळेने गुराखीपण संपवले नाही, आणि तशी सक्ती करण्याचे बळ एखाद्या संस्थेकडे नसतेही. कायद्याकडे ते असते. तरीही बालकामगार कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीने शाळेच्या वेळेनंतर व सुटीत कुटुंबाच्या कामात मदत करण्याची मुभा चौदा वर्षांखालील मुलांना ठेवलीच. घरचे काम पुसून टाकता येत नाही, हे कायद्यालाही मान्य करावे लागले.

पुढे शासनाने यातले सोयीचे तेवढे उचलले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून अंगणवाडी देशभर गेली, मात्र पोषण आहार आणि नोंदवह्यांच्या भाराखाली खेळ मागे पडला. बालशिक्षण हक्क कायद्याने (२००९) सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी शाळेला मैदान व खेळसाहित्य बंधनकारक केले; सहा वर्षांखालील मुलांची पूर्वप्राथमिक सोय शासनाच्या इच्छेवर सोडली. कुरणशाळेच्या विचाराला सर्वांत जवळची राहिली ती ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी कारखान्यांच्या परिसरात भरणारी साखरशाळा. अलीकडे तिच्याऐवजी मुलांना गावीच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहांवर भर आहे. मुलाचे नाव आपल्याच शाळेच्या पटावर टिकते, वर्ष फुकट जात नाही, हा त्यांचा फायदा निर्विवाद आहे. पण तान्ह्या भावंडाला सांभाळायला जिला आई-वडिलांबरोबर फडावर जावेच लागते, त्या मुलीपर्यंत वसतिगृह पोचत नाही. तिच्यासाठी पाळणाघर जोडलेली शाळा फडाजवळच हवी.