एका छपराखाली आलेला मेंदू

मेंदू एकच. पण विद्यापीठांनी त्याची वाटणी केली होती. रचना एका विभागाकडे, विद्युत्संदेश दुसऱ्याकडे, रसायने तिसऱ्याकडे. १९३८ साली व्हिएन्ना सोडावी लागलेल्या स्टीफन कफलर यांनी १९६६ साली हार्वर्डमध्ये हे सारे संशोधन व अध्यापन एका विभागात आणले. त्यांचे सहकारी ह्यूबेल व वीझेल यांनी आधीच दाखविले होते की, मांजराच्या पिलाचा एक डोळा कोवळ्या वयात झाकून ठेवला, तर पुढे तो उघडला तरी मेंदू त्याची दखल घेत नाही. त्यामुळे जन्मजात मोतीबिंदूच्या बालकांवर वेळीच शस्त्रक्रिया करण्यास बळ मिळाले. १९८१ साली दोघांना नोबेल मिळाले. कफलर आदल्याच वर्षी वारले होते. खात्याखात्यांत विखुरलेला कामगार दुबळा ठरतो, ज्ञानाचेही तसेच.